फॉरमॅटवाल्या मुलाला बोलवू नका

"कॉम्प्युटर फार रखडतोय रे, त्या मुलाला बोलाव एकदा, फॉरमॅट मारून जाईल."

हे वाक्य कधी ऐकू आलं नाही असं मराठी घर मला तरी ठाऊक नाही. प्लंबरला नाव असतं, गॅसवाल्याला असतं, अगदी रद्दीवाल्यालाही असतं. हा मात्र कायम 'तो मुलगा'. कुणाच्या तरी ओळखीचा, कुठल्याशा बोळात दुकान असलेला, पाठीला सॅक आणि गाडीच्या किल्लीला लटकवलेला पेनड्राइव्ह. येतो, चहा घेतो, तासा-दीड तासात पाचशे रुपये घेऊन जातो, आणि मागे सगळे म्हणतात, 'वा! काय पळतोय आता!'

माझं भांडण त्या मुलाशी नाही. तो बिचारा पोटापाण्याचं बघतोय. माझं भांडण त्याला बोलावणाऱ्यांशी आहे, म्हणजे मंडळी, तुमच्याशीच. तुमच्यापैकी निम्मे माझे नातेवाईक आहेत आणि उरलेल्यांपैकी बरेच जण स्वतः ब्लॉग लिहिणारे, म्हणजे कॉम्प्युटरशी रोजचा संबंध असलेले आहेत, हे ठाऊक असूनही लिहितोय.

म्हणणं साधं आहे. ज्या घरात कॉम्प्युटर आहे त्या घरात, तो पहिल्यापासून उभा करता येईल असा एक बूटेबल पेनड्राइव्ह असलाच पाहिजे. आणि तो घरातल्याच कुणीतरी, घरातल्याच अस्सल डिस्कवरून, स्वतःच्या हाताने केलेला असला पाहिजे. घराची जादा किल्ली आपण शेजारच्या काकूंकडे ठेवतो. रस्त्यावरून जाणाऱ्याला 'माझ्या घराची किल्ली तूच बनव आणि तुझ्याकडेच ठेव' असं सांगत नाही. कॉम्प्युटरच्या बाबतीत मात्र आपण गेली वीस-पंचवीस वर्षं नेमकं हेच करतोय.

आधी जरा मागे जाऊ. २००१ साली विंडोज एक्सपी आलं तेव्हा नव्या मशिनबरोबर बऱ्याचदा चकाकत्या होलोग्रामची एक सीडी मिळायची. (ती आपण कपाटात अशा ठिकाणी ठेवायचो की पुन्हा सापडू नये.) मग कंपन्यांनी सीडी देणं बंद केलं आणि हार्डडिस्कचाच एक तुकडा 'रिकव्हरी'साठी राखून ठेवला. लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला की तो विचारायचा, 'रिकव्हरीच्या डिस्क बनवायच्या का? तीन-चार कोऱ्या डीव्हीडी लागतील.' आपण म्हणायचो, नंतर. तो 'नंतर' कुणाच्याही घरात उगवला नाही. आता खोक्यात वायर, चार्जर आणि वॉरंटीचं भेंडोळं एवढंच निघतं.

गंमत बघा. हार्डडिस्क बिघडली तर उपयोगी पडावी म्हणून दिलेली वस्तू त्या हार्डडिस्कवरच ठेवलेली! पाव किलो भाजीबरोबर कोथिंबीर मिळाली नाही तर भांडणारे आपण, या प्रकाराबद्दल चकार शब्द बोललो नाही. मधल्या काळात तर 'डॉस लॅपटॉप' नावाचा प्रकारही जोरात होता. कागदोपत्री त्यावर फ्रीडॉस, म्हणजे विंडोजचे पैसे वाचले, आणि दुकानातून बाहेर पडेपर्यंत त्यावर विंडोज 'टाकून' मिळायचं. कुठलं, कुठून आणलेलं, हे विचारणारा गिऱ्हाईक वेडा ठरायचा.

तर हा 'टाकून देण्याचा' प्रकार काय असतो ते बघू. त्या मुलाच्या पेनड्राइव्हवर जे विंडोज असतं ते बहुतेक वेळा कुठून तरी टॉरेंटवरून उतरवलेलं, 'सगळं एकात' असलेलं आणि आधीच ॲक्टिव्हेट करून ठेवलेलं असतं. ते ज्याने बनवलं त्याला आपण ओळखत नाही, तो मुलगाही ओळखत नाही. त्यात काय घातलंय, काय काढलंय, देव जाणे. ॲक्टिव्हेशनची कुलपं तोडणारी चिमुकली फाइल अँटिव्हायरसला खटकते, म्हणून आधी अँटिव्हायरस बंद केला जातो. आणि मग त्याच मशिनवर मावशी बँकेत लॉगिन करते, काका इन्कम टॅक्सचं रिटर्न भरतात, ताई मुलांच्या शाळेची फी भरते. ओटीपी कुणालाही सांगू नका म्हणून टाहो फोडणारे आपण, सगळं घरच एका अनोळखी माणसाच्या पायावर उभं करतो.

शिवाय 'फॉरमॅट' या शब्दाचा अर्थही कुणी विचारत नाही. सी ड्राइव्ह पुसला जातो. डेस्कटॉपवर ठेवलेले फोटो, 'माय डॉक्युमेंट्स'मधली पत्रं, हे सगळं सी ड्राइव्हमध्येच असतं. 'डी मध्ये काही आहे का? नाही ना? मग सी उडवतो' असं तो विचारतो आणि आजोबा मान डोलावतात, कारण त्यांच्या मते त्यांचे फोटो 'डेस्कटॉपवर' आहेत.

परवा एका ब्लॉगर मित्राशी यावरून तासभर वाद झाला. त्याचं म्हणणं, 'अरे, पाचशे रुपयांचं काम. आपण दाढी घरी करतो, पण केस कापायला जातोच ना? प्रत्येक गोष्ट स्वतः कशाला शिकायची?' उपमा छान आहे, पण न्हावी माझ्या कपाटाची किल्ली मागत नाही. दुसरं म्हणजे हे काम शिकायला जेवढा वेळ लागतो तेवढ्या वेळात त्या मुलाचा फोनही लागत नाही.

हे सगळं अवघड आहे असा समज पसरलाय तो एका छोट्या अनुभवामुळे. हौशी माणूस डीव्हीडी ड्राइव्हमध्ये घालतो, तिच्यावरच्या सगळ्या फाइली निवडतो, पेनड्राइव्हवर कॉपी करतो, मशिन सुरू करतो... आणि काहीच होत नाही. 'बघ, हे आपलं काम नाही.' अहो, फाइली गेल्या पण दाराची पाटी राहिली! जुन्या बायोसवाल्या मशिनला फाइली वगैरे कळत नाहीत. सुरू झाल्यावर ते डिस्कचा फक्त पहिला ५१२ बाइटांचा तुकडा वाचतं आणि तिथे जे लिहिलंय त्याप्रमाणे पुढे जातं. साधी कॉपी करताना हा तुकडा लिहिलाच जात नाही. सीडीची तर तऱ्हाच वेगळी. तिच्यावरून मशिन कसं सुरू करायचं याचे नियम फिनिक्स आणि आयबीएम या दोन कंपन्यांनी १९९५ साली ठरवले. त्या नियमांचं नाव 'एल तोरितो'. कॅलिफोर्नियातल्या ज्या हॉटेलात बसून ही कल्पना सुचली, त्याचं नाव दिलं म्हणे. सीडीवरची एल तोरितोची पाटी पेनड्राइव्हवर लावून चालत नाही, तिथे पेनड्राइव्हची पाटी हवी. बस्स, एवढंच रहस्य.

आणि ही पाटी लिहायचं साधन कुठे आहे? विंडोज ७च्या डीव्हीडीवरच! तिच्यात 'बूट' नावाचा फोल्डर आहे, त्यात 'बूटसेक्ट' नावाचा छोटासा प्रोग्रॅम. पेनड्राइव्ह रिकामा करायचं 'डिस्कपार्ट' हे हत्यार विंडोजमध्ये मुळातच असतं. डिस्कपार्टने पेनड्राइव्ह साफ करायचा, त्यावर एक पार्टिशन करायचं, ते ॲक्टिव्ह करायचं, फॉरमॅट करायचं, बूटसेक्टने पाटी लिहायची, आणि मग डीव्हीडीवरच्या फाइली कॉपी करायच्या. विकतचं काही नाही, उतरवायचं काही नाही. किल्ली बनवायचं यंत्र कुलपाबरोबरच मिळालं होतं आणि आपण पंधरा वर्षं किल्लीवाला शोधत फिरतोय.

एकच जागा खरोखर धोक्याची आहे. डिस्कपार्टमध्ये डिस्कला नावं नसतात, नंबर असतात. शून्य म्हणजे बहुधा तुमची हार्डडिस्क. 'साफ कर' म्हणण्याआधी आकार बघा. पाचशे जीबी दिसत असेल तर तो तुमचा आठ जीबीचा पेनड्राइव्ह नव्हे, हे कळायला इंजिनियर असावं लागत नाही.

हा काळा पडदा नको असेल तर दुसरी वाट आहे. डिस्कची जशीच्या तशी एक मोठी फाइल करायची (तिला आयएसओ म्हणतात), आणि 'रुफस'सारख्या फुकट प्रोग्रॅमने ती पेनड्राइव्हवर चढवायची. रुफस विचारतो, एमबीआर की जीपीटी? मशिन जुनं, बायोसवालं असेल तर पहिलं. नवं, यूईएफआयवालं असेल तर दुसरं. नव्या मशिनची गंमत अशी की त्यांना पहिला तुकडा लागतच नाही, ती फॅट-३२ पार्टिशनवर ठरलेल्या जागी ठरलेल्या नावाची फाइल शोधतात. तिथे नुसती कॉपीही चालून जाते, फक्त फॅट-३२वर चार जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही आणि अलीकडच्या विंडोजची मुख्य फाइल अनेकदा त्याहून मोठी असते. रुफस त्यातूनही वाट काढतो. आयएसओचा आणखी एक फायदा असा की मूळ डिस्क पुन्हा कपाटात जाते आणि ओरखडे पडायचे थांबतात.

कंपनीलाही हे मान्य होतं बरं का. २००७ साली आसुसचा 'ई पीसी' आला आणि पाठोपाठ सीडी ड्राइव्ह नसलेल्या छोट्या नेटबुकांची रांग लागली. त्यावर विंडोज घालायचं कसं? म्हणून २००९च्या ऑक्टोबरात विंडोज ७ बरोबर मायक्रोसॉफ्टने स्वतःच आयएसओवरून पेनड्राइव्ह बनवायचं एक साधन दिलं. महिन्याभरात कुणाच्या तरी लक्षात आलं की त्यात जीपीएल परवान्याखालचा दुसऱ्याचा कोड घुसलाय. साधन मागे घेण्यात आलं, आणि डिसेंबरात त्याच जीपीएलखाली, सोर्ससकट पुन्हा आलं. जगातली सगळ्यात मोठी सॉफ्टवेअर कंपनी पेनड्राइव्ह बूटेबल करायला मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचा कोड घेऊन बसली होती. मला हा किस्सा फार आवडतो, कितीही वेळा सांगायला लावा.

'पण हे कायदेशीर आहे का?' हा प्रश्न हमखास तोच माणूस विचारतो ज्याच्या मशिनवर तोडलेलं विंडोज आहे :-) तर ऐका. आपल्या भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ आहे. कशाला हक्कभंग म्हणायचं नाही याची त्यात यादी आहे. ज्याच्याकडे प्रोग्रॅमची प्रत कायदेशीरपणे आलेली आहे त्याने, ती हरवली, फुटली, खराब झाली तर हाताशी असावी म्हणून, ज्या कामासाठी ती मिळाली त्याच कामापुरती राखीव प्रत केली तर तो हक्कभंग नाही, असं त्यात लिहिलंय. म्हणजे तुमच्या डिस्कवरून तुमच्या मशिनसाठी पेनड्राइव्ह करणं हा तुमचा अधिकार आहे. त्याच परवान्यावर शेजारच्याच्या मशिनला विंडोज घालून देणं हा नाही.

आता मिरजेची गोष्ट. तिथे माझ्या मामेभावाचा छापखाना आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, गणेश मंडळांचे अहवाल, एका संस्थेचा वार्षिक अंक. सगळं काम पेजमेकरमध्ये, श्रीलिपीच्या फॉन्टांत. ज्यांना या भानगडी ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी: युनिकोडच्या आधीचं मराठी म्हणजे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली देवनागरी चित्रं. तो फॉन्ट नसेल तर 'शुभविवाह'च्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि टिंबांची कचराकुंडी दिसते. मशिनच्या पाठीमागे लावायचा हार्डवेअर लॉक आहे, आणि त्याचा ड्रायव्हर ३२ बिटांच्या विंडोज ७ वर चालतो, ६४ बिटांवर नाही. अठरा-वीस वर्षांचं काम त्या एका डब्यात आहे. त्या संस्थेच्या जुन्या अंकांच्या छापील प्रती २०१९च्या पुरात संपल्या. म्हणजे ते अंक आता फक्त त्या डब्यात आहेत.

एके सकाळी मशिन उठेना. मुलगा आला, प्रामाणिक होता. म्हणाला, 'दादा, हे जुनं आता कुठे मिळतंय, दहा टाकून देतो.' त्याच्याकडचं विंडोज १० चौसष्ट बिटांचं. टाकलं असतं तर मशिन पळालं असतं, आणि वीस वर्षांचं मराठी एका तासात मुकं झालं असतं. भाऊ छापखान्यात वाढलेला माणूस, ठसे परत फाउंड्रीला पाठवण्याआधी दहादा विचार करणाऱ्या घरातला. त्याने मुलाला चहा पाजून परत पाठवलं आणि मला फोन केला.

अस्सल डीव्हीडी होती. पावसाळे खाऊन कडेला बुरशीची नक्षी उमटलेली, पण होती. मशिनचा डीव्हीडी ड्राइव्ह मात्र कधीचाच मेलेला, कागदाच्या धुळीने. मग माझ्या जुन्या लॅपटॉपवर 'डीडीरेस्क्यू' नावाच्या प्रोग्रॅमने डिस्क वाचायला घेतली. हा प्रोग्रॅम चिकाटीचा आहे. जिथे वाचता येत नाही तो भाग बाजूला ठेवतो, बाकीचं आधी उचलतो, आणि मग त्या जागेशी पुन्हा पुन्हा झटत बसतो. रात्रभरात पूर्ण आयएसओ मिळाली. चार जीबीच्या पेनड्राइव्हवर ती आरामात बसली. मशिनच्या मागे दोन निळी आणि चार काळी यूएसबी तोंडं होती. काळ्यात लावा, निळ्यात नको. निळी म्हणजे यूएसबी ३, आणि विंडोज ७च्या इन्स्टॉलरकडे यूएसबी ३ चे ड्रायव्हर नाहीत. निळ्यात लावलं तर निम्म्या वाटेत 'सीडी/डीव्हीडी ड्राइव्हचा ड्रायव्हर सापडत नाही' असं भलतंच काहीतरी सांगून ते अडून बसतं आणि माणसाला वाटतं डिस्कच खराब आहे. दुपारपर्यंत 'शुभविवाह' पुन्हा दिसू लागला. परवान्याची २५ अक्षरं डब्याच्या अंगावरच्या स्टिकरवर होती, पुसट झालेली. त्यांचा फोटो काढून ठेवला. (तुमच्याही स्टिकरचा काढा. आत्ता. हे वाचून झाल्यावर नको.) आणि संध्याकाळी 'क्लोनझिला'ने पूर्ण डिस्कची छबी दुसऱ्या हार्डडिस्कवर घेतली. तोही पेनड्राइव्हवरूनच सुरू होतो.

आता आक्षेप. 'विंडोज ७ जुनं, असुरक्षित आहे.' आहेच. त्याचं अधिकृत सांभाळणं १४ जानेवारी २०२०ला थांबलं. म्हणून त्या छापखान्यातल्या मशिनला नेटची वायर जोडलेली नाही, आणि जोडायचीही नाही. बँकेच्या कामाला हे विंडोज वापरा असं मी म्हणतच नाही. आणि एक्सपीची सीडी असेल तर तिचा इन्स्टॉलर पेनड्राइव्हला मुळात मानतच नाही, वेगळे खटाटोप करावे लागतात, त्या वाटेला गरजेशिवाय जाऊ नका.

'आता सगळं मोबाइलवर आणि क्लाउडवर आहे.' छान. मग त्या माळ्यावरच्या टॉवरमध्ये काय आहे? बाबांच्या साठीचे फोटो ना?

खरा मोठा प्रश्न विंडोज १०चा आहे. त्याचा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० आणि ठरावीक प्रोसेसर लागतात, म्हणून धडधाकट मशिनंही 'चालत नाहीत' या सदरात गेली. दुकानदार म्हणतो, नवीन घ्या. तो मुलगा म्हणतो, तपासणी चुकवून ११ टाकून देतो. (टाकता येतं, पण अशा मशिनला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही.) तिसरी वाट तुमच्या त्याच आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर आहे. उबुंटू किंवा मिंट चढवा, मशिन त्यावरून सुरू करा, आणि काहीही इन्स्टॉल न करता आधी नुसतं चालवून बघा. हार्डडिस्कला हात लागत नाही. विंडोज मेलेलं असलं तरी आतले फोटो दिसतात, दुसऱ्या ड्राइव्हवर उचलून ठेवता येतात. फारच जुनं, ३२ बिटांचं मशिन असेल तर डेबियन १२ घ्या. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या १३ मध्ये त्या मशिनांसाठी इन्स्टॉलर नाही.

आपल्यातल्या जुन्या लोकांना आठवत असेल, २०११पर्यंत उबुंटूच्या सीडी मागवल्या की फुकट घरपोच यायच्या, टपालखर्चसुद्धा तेच द्यायचे. पोस्टमन ते जाड पाकीट द्यायचा तेव्हा काय ऐट वाटायची! आता पाकीट येत नाही, फाइल उतरवावी लागते. उतरवलीत की तिचा हॅश ताडून बघा. २०१६च्या फेब्रुवारीत मिंटच्या साइटमध्येच कुणी घुसून डाउनलोडची लिंक बदलली होती आणि लोक चोरदरवाजा असलेली आयएसओ उतरवत होते. खात्रीच्या हॅशशी ताडणाऱ्यांना ते कळलं असतं.

नव्या लॅपटॉपवाल्यांसाठी एक. तुमची डिस्क तुम्हाला न सांगता कुलूपबंद झालेली असू शकते. मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटने लॉगिन केलं की बऱ्याच मशिनांवर बिटलॉकर आपोआप चालू होतो. मग पेनड्राइव्हवरून मशिन सुरू झालं तरी आतलं काही दिसत नाही, ४८ आकडी किल्ली लागते. ती तुमच्या अकाउंटात ठेवलेली असते, आत्ता काढा आणि कागदावर लिहून पेनड्राइव्हबरोबर ठेवू नका, वेगळ्या जागी ठेवा. आणि पेनड्राइव्ह रस्त्यावरचा स्वस्तातला नको. ६४ जीबी लिहिलेल्यात आठच जीबी असण्याचे प्रकार सर्रास आहेत. वर्षातून एकदा तो लावून मशिन सुरू होतंय ना ते बघा. फ्लॅश मेमरी कपाटात पडून पडून विसरते.

दिवाळीत मी पुण्यात आणि मग साताऱ्याला आहे. ज्यांना एकट्याने करायची भीती वाटते त्यांनी एक रिकामा आठ जीबीचा पेनड्राइव्ह आणून ठेवावा. मी शेजारी बसेन, माउसला हात लावणार नाही. आणि साताऱ्याचे काका, 'डिस्क कुठे आहे कुणास ठाऊक' हे चालणार नाही. बेडरूमच्या लोखंडी कपाटात, वरून दुसऱ्या खणात, वंदनाताईच्या लग्नाच्या सीडींच्या खाली आहे. गणपतीत मी बघून ठेवली आहे.